कंट्रोल्ड कॉपी

कागदाची मोटार करायची तर कागद लागतो, कात्री लागते, फेव्हिकॉल लागतो आणि रिकामा वेळ लागतो. आमच्या सोसायटीतल्या प्रिंटकाकांकडे हे चारही जिन्नस मुबलक आहेत. शिवाय इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कागदी मोटारींची ड्रॉइंग्ज आणि त्या जोडायच्या कृती यांनी त्यांच्या बेडरूमचा माळा भरलाय, दिवाणाचं पोट भरलंय, आणि हल्ली त्यांचा डोळा काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर आहे. नाही ती फक्त मोटार. एकही नाही. साधी रिक्षासुद्धा नाही.

यावरून कुणी काकांना आळशी ठरवणार असेल, तर त्यानं एकदा सकाळी साडेनऊला त्यांच्या घरी जाऊन बघावं. आंघोळ, पूजा, नाश्ता उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून काका कॉम्प्युटरसमोर हजर असतात. एकला जेवण, चारला चहा, साडेपाचला काका 'सुटतात'. मोटार करणारा माणूस एखादी दुपार बसतो आणि मोकळा होतो. मोटारीची कृती सांभाळणाऱ्याला ती चैन नाही. त्याची सुट्टी फक्त गुरुवारी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि काका निवृत्त झाले असले तरी त्यांचा गुरुवार अजून नोकरीत आहे.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग स्टोअरला होते. मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना. सगळी नोकरी त्यांनी एका खिडकीमागे काढली. खिडकीवर शॉपमधला माणूस यायचा, पार्ट नंबर सांगायचा, काका आतून ड्रॉइंग आणून द्यायचे आणि रजिस्टरवर सही घ्यायचे. सुरुवातीला ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघायचे. त्या वासानं नव्या माणसाच्या डोळ्यांना धार लागायची आणि काकांची भूक खवळायची. पुढे प्लॉटर आला. मग आयएसओ ९००० आलं आणि काकांच्या टेबलावर शिक्के आले: 'मास्टर कॉपी', 'कंट्रोल्ड कॉपी', 'ऑब्सोलीट'. त्या दिवसापासून काका जरा ताठ चालायला लागले, असं काकू सांगतात.

तर त्या खिडकीतून गेलेल्या ड्रॉइंगांवरून किती भाग बनले याची मोजदाद नाही, पण त्यातल्या एकाही भागाला काकांनी हात लावला नाही. भाग बनवणं हे शॉपचं काम. काकांच्या लेखी ड्रॉइंग बरोबर असलं, रिव्हिजन ताजी असली आणि घेणाऱ्याची सही झाली, की भाग बनल्यातच जमा. पुढे कुणीतरी तेलकट कपड्यांत लेथवर उभं राहून तो खरोखर बनवतो, हा निव्वळ तपशील. हे एकदा ध्यानात घेतलं की काकांच्या माळ्याचं कोडं सुटतं. मोटारी करायच्या राहून गेल्या, असं काकांना वाटतच नाही. सगळ्या मोटारी झालेल्या आहेत. फक्त कापायच्या, दुमडायच्या आणि चिकटवायच्या राहिल्यात.

निवृत्त झाल्यावर मुलानं कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून दिला. बाबांना विरंगुळा म्हणून. काकांना पहिल्यांदा सापडली ती फोक्सवॅगनची बीटल. ज्यांनी असला कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचं कातडं सोलून सपाट पसरलं तर जसं दिसेल, तसं ते पान असतं. एकीकडे छप्पर, दोन बाजूंना दारं, खाली बॉनेट, कोपऱ्यात चार चाकांच्या आठ चकत्या, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकटवायच्या पांढऱ्या पट्ट्या, नंबर घातलेल्या. पट्टी बारा नंबर बारावर, तेरा तेरावर. सलग रेघ म्हणजे काप. तुटक रेघ म्हणजे आत दुमड. तुटक रेघेत मध्ये मध्ये ठिपके असले तर बाहेर दुमड. भाषा जपानी असो की पोलिश, सांगायचं ते रेघाच सांगतात. काकांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. पार्ट नंबर होते, रेघांचे प्रकार होते, स्केल लिहिलं होतं, एकास चोवीस. म्हणजे हे ड्रॉइंगच की!

मग काकांनी या विद्येचा इतिहास खणून काढला. तो ते लिफ्टमध्ये सांगतात, आणि आमची लिफ्ट हळू आहे. फ्रान्सातल्या एपिनाल गावी पेलरँ नावाच्या छापखानदारानं १७९६ साली छापखाना काढला आणि पुढे त्याच गावातून कापून जोडायची कागदी घरं, चर्च, गाड्या पोरांच्या हातात गेल्या, हे तळमजला ते दुसरा. पोलंडमध्ये १९५७ साली 'माऊई मोडेलाश' हे कागदी मॉडेलांचं नियतकालिक सुरू झालं आणि प्लॅस्टिकची खेळणी दुर्मीळ असलेल्या त्या देशातल्या पोरांनी कागदाची विमानं, रणगाडे, बोटी केल्या, हे तिसऱ्यापर्यंत. कॅनननं आपल्या प्रिंटरांची शाई खपावी म्हणून (हा काकांचा तर्क) कागदी वस्तूंचं अख्खं दालन फुकट उघडलं, हे चौथ्याला दार उघडताना. आम्ही उतरतो. काका पाचव्यावर राहतात, पण पोलंड अर्धवट राहिलेलं असलं तर तेही आमच्याबरोबर चौथ्यावर उतरतात.

आता साठवणुकीकडे वळू, कारण खरा पराक्रम तिथे आहे.

पहिल्या पर्वात काका पानं 'सेव्ह ॲज' करायचे. तसं केलं की एक फाइल तयार होते आणि तिच्याशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर. फाइलमध्ये मजकूर, फोल्डरमध्ये चित्रं. काकांना एका नंबरच्या दोन नोंदी दिसल्या. ड्रॉइंग स्टोअरमध्ये एका नंबरच्या दोन नोंदी हा गुन्हा असतो. त्यांनी एका गुरुवारी (ओव्हरटाइम होता) सगळी फोल्डरं पुसून टाकली आणि जागा मोकळी झाल्याचं समाधान अनुभवलं. परिणाम असा, की त्या पर्वातली कुठलीही कृती उघडली की नुसती वाक्यं दिसतात. 'आकृती ७ मध्ये दाखवल्याप्रमाणे बॉनेट हळुवार वाकवा.' खाली आकृती ७: एक रिकामा चौकोन, कोपऱ्यात बारकी फुली. काकांनी तोही छापला. रिकामे चौकोन का छापता, असं मी विचारलं. "उद्या आकृती सापडली तर चिकटवायला जागा नको?" काका म्हणाले. याला उत्तर नाही. मी तरी शोधलं नाही.

दुसरं पर्व थेट छपाईचं. पान समोर दिसतंय तर साठवायचं कशाला, सरळ प्रिंट मारायचा. इंटरनेटवरचं पान छापताना कसं वागतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या कागदावर नुसता मेनू. दुसऱ्यावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. तिसऱ्यावर मोटारीचं अर्धं छप्पर आणि उरलेलं अर्धं चौथ्यावर. 'आम्ही कुकीज वापरतो, तुमची हरकत आहे का' असं विचारणारी काळी पट्टी प्रत्येक पानावर एकाच जागी, नेमकी मागच्या चाकावर. आणि शेवटच्या कागदावर काहीच नाही. फक्त कोपऱ्यात तारीख आणि '११ पैकी ११'. तुम्ही-आम्ही तो कागद उलटा करून त्यावर किराण्याची यादी लिहू. काका तो फाइल करतात. "अकरापैकी अकरावं पान फाइलमध्ये नाही, म्हणजे ऑडिटला काय उत्तर द्यायचं?" या माळ्याचं ऑडिट करायला कोण येणार आहे, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही. पण तयारी पूर्ण आहे.

तिसऱ्या पर्वात पीडीएफ आलं आणि काका सुखावले. पीडीएफ हलत नाही, फुटत नाही, तेल विकत नाही. मात्र डाउनलोड झालेल्या फायलींची नावं 'कार', 'कार १', 'कार फायनल', 'कार फायनल नवीन' अशी पाहून त्यांच्या अंगावर शहारा आला. त्यांनी सगळ्यांना नंबर दिले. आता आमच्या सोसायटीत फेरारीला फेरारी म्हणत नाहीत, पीएम-०२३१, रिव्हिजन बी म्हणतात. रिव्हिजन ए मध्ये काय होतं? "तेच. पण आधी डाउनलोड झालं होतं."

खरी कसोटी कागदाच्या मापाची. जपान, जर्मनी, पोलंड आणि आपण ए-फोरवर छापतो: २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकेचा लेटर कागद २१६ गुणिले २७९. म्हणजे सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. अमेरिकेत काढलेली मोटार ए-फोरवर आहे तशी छापली तर दोन्ही कडांची दारं खरवडली जातात. 'फिट टू पेज' केलं तर दारं वाचतात, पण मोटार आक्रसून चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के होते. सगळी पानं सारखी आक्रसली तर काही बिघडत नाही. एक पान 'फिट' आणि एक 'ॲक्चुअल' गेलं की चाकं एका मोटारीची आणि बॉडी दुसरीची. काकांना हे सगळं पाठ आहे. प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात ते स्टीलच्या पट्टीनं मोजून टक्केवारी लिहितात. चुकीची टक्केवारीसुद्धा अचूक लिहितात. पान पुन्हा छापत नाहीत. कागद वाया जातो.

कागदाचं वजन हा त्यांचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. ए-झिरो म्हणजे एक चौरस मीटर. ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ऐंशी जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ऐंशी ग्रॅमचा) ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम आणि पाचशे कागदांची रीम अडीच किलो. मोटारीला लागणारा दोनशे जीएसएमचा जाड कागद साडेबारा ग्रॅम. हे गणित त्यांनी फाइल तपासायला लावलंय: पानं मोजत बसायचं नाही, फाइल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, रिकाम्या फाइलचं वजन वजा करायचं, भागायचं. काकू एकदा वैतागून रद्दीवाल्याला घेऊन आल्या होत्या. काका बाहेर फिरायला गेलेले. काकूंच्या दुर्दैवानं ते लवकर परतले. त्यांनी विरोध केला नाही, आरडाओरडा केला नाही. शांतपणे रद्दीवाल्याचं वजन ऐकलं, खिशातली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "तुझा काटा तेराशे ग्रॅम मारतोय." पाऊण तास जिन्यात त्यांनी त्याला एक चौरस मीटरपासून सगळं समजावलं. तो रद्दीवाला आता आमच्या गल्लीत येत नाही. पलीकडच्या सोसायटीची रद्दी नेतो आणि आमच्या गेटवरून जाताना आरोळी देत नाही.

घरचा प्रिंटर शाईला महाग पडतो, त्यामुळे रंगीत पानांसाठी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. काका दुकानात आले की तिथला पोरगा आधी पंखा वाढवतो. काकांना पेन ड्राइव्हमधून प्रिंट हवा असतो, पोरगा म्हणतो व्हॉट्सॲपवर टाका. काका म्हणतात व्हॉट्सॲप रिझोल्यूशन खातं, पोरगा म्हणतो पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस असतो. हा वाद दोघांनाही तोंडपाठ असल्यानं हल्ली ते तो अर्धाच म्हणतात. मग पोरगा विचारतो, "काका, बॅक टू बॅक?" आणि काका उदारपणे म्हणतात, "हो, बॅक टू बॅक. कागद वाचतो."

वाचकहो, इथे जरा थांबा. ज्या कागदातून मोटार कापायची आहे, त्याच्या मागच्या बाजूला दुसरी मोटार. बीटल कापली की मागची टॅक्सी गेली, टॅक्सी कापली की बीटल गेली. काकांच्या संग्रहातल्या निम्म्या मोटारी उरलेल्या निम्म्या मोटारींच्या पाठीवर बसलेल्या आहेत. हे काकांच्या ध्यानात कधीच आलं नाही. यायचं कारणच नव्हतं. त्यासाठी कात्री हातात घ्यावी लागते.

बरं, जपणूक इथे थांबत नाही. प्रिंट घरी आला की पंचिंग मशीनखाली जातो. दोन भोकं. डाव्या कडेला मार्जिन असेल तर ठीक. नसेल तर ती भोकं पुढच्या काचेतून जातात, आणि काकांच्या फायलींमधल्या कित्येक दिमाखदार गाड्यांच्या काचांना बंदुकीच्या गोळ्या लागल्यात. फार मौल्यवान ड्रॉइंग असलं की लॅमिनेशन. लॅमिनेट केलेला कागद नीट दुमडत नाही, फेव्हिकॉल त्यावर टिकत नाही, कात्री बोटाला लागते. पण पाणी सांडलं तरी त्याला काही होत नाही, आणि काकूंच्या घरात पाणी सांडण्याचं प्रमाण अलीकडे संशयास्पद वाढलंय. थोडक्यात, जी मोटार काकांना जितकी जास्त आवडते, तितकी ती कधीही न होण्याची खात्री पक्की.

हा प्राणी आमच्याच सोसायटीत आहे असं समजू नका. पोस्ट ऑफिसच्या कॅलेंडरामागे पाककृतींची कात्रणं खोचणारी आणि रोज आमटी-भातच करणारी आजी त्याच जातीची. हरिश्चंद्रगडाच्या वाटांचे नकाशे फोनमध्ये भरून लोणावळ्याला भजी खायला जाणारा आयटीतला पुतण्या त्याच जातीचा. सूर्यनमस्काराचे व्हिडिओ 'नंतर बघू'मध्ये टाकून झोपी जाणारे तर मोजण्यापलीकडे. पण ही सगळी मंडळी मनातून थोडी खजील असतात. नव्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना टोचणी लागते. काकांचं वेगळेपण असं की त्यांना टोचणी नाही. साठवलं, छापलं, पंच केलं, नंबर दिला: संपलं काम. उलट कुणी घाईघाईनं मोटार करून आणली तर त्यांना तो उथळपणा वाटतो. सोसायटीतल्या एका मुलानं कागदाचा ट्रक करून दाखवायला आणला, तेव्हा काकांनी तो चहूबाजूंनी निरखला आणि विचारलं, "कुठल्या रिव्हिजनवरून केलास?"

काकांचं एकच दैवत असं आहे की ज्याची पूजा पाहून मला राहवत नाही. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, सत्तरच्या दशकात पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. ट्रक बनवणं सोडून ते काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि कचऱ्यातून खेळणी करायला लागले, पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना खेळणी करायला शिकवलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर कुणालाही फुकट घेता येतात. काकांनी ती सगळी घेतली. टाकाऊ वस्तूंपासून बिनपैशाची खेळणी करा, असं सांगणारं पुस्तक काकांनी ग्लॉसी आर्ट पेपरवर रंगीत छापून स्पायरल करून आणलं. झेरॉक्सवाल्यानं त्या बिलात त्या आठवड्याचं भाडं भागवलं असावं. "बघा, किती सोपं आहे," काका मला एकेक पान उलटून दाखवत होते, "एक जुनी काडेपेटी घ्यायची..." घरात जुनी काडेपेटी होती. काका ती घेत नाहीत. त्यांना सोपं आहे हे कळलं, तेवढं पुरतं.

तरी काकांवर नुसतं हसून मोकळं होता येत नाही, ही यातली अडचण. २०१८ साली यामाहा मोटारनं आपलं कागदी मॉडेलांचं दालन बंद केलं. शेकडो तुकड्यांच्या, साखळी-स्पोकसकट अचूक अशा त्यांच्या मोटारसायकली जगभर प्रसिद्ध होत्या. पुढच्या वर्षी, ३१ मार्च २०१९ ला, जपानचं जिओसिटीज, म्हणजे कुणालाही फुकट वेबसाइट काढू देणारं ठिकाण, बंद झालं आणि तिथल्या हौशी माणसांनी रात्री जागून काढलेल्या कागदी गाड्यांची कितीतरी पानं एका रात्रीत नाहीशी झाली. ज्यांनी ती बघून 'वा, छान' म्हटलं होतं त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. ज्यांनी ती कापून चिकटवली होती त्यांच्याकडे धूळ बसलेलं एक खेळणं उरलं, ज्यावरून दुसरं करता येत नाही. काकांकडे ड्रॉइंग होतं. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी त्यातलं एक हवं होतं; तो कुणाकुणाला विचारत पाचव्या मजल्यावर पोहोचला. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही नव्हतं. "नंबर?" त्यांनी विचारलं. पोराकडे नंबर नव्हता. तासाभरानं तो एक झेरॉक्स घेऊन बाहेर पडला; वर तांबडा शिक्का, 'अनकंट्रोल्ड कॉपी, माहितीपुरतीच'. त्यावरून मोटारसायकल केल्यास काका जबाबदार नाहीत.

मग मे महिन्यात बंगळुरूहून नात आली. वय आठ. तिला गाडी हवी होती, पण बघायला नको, करायला हवी होती. काकांनी तिला कॅटलॉग दिला, मागणीपत्र दिलं, 'घेणाऱ्याची सही' हा रकाना दाखवला. तिनं काळी-पिवळी टॅक्सी निवडली, प्रीमियर पद्मिनी. कुणा हौशी माणसानं काढलेली. कुर्ल्याला बनायची ती गाडी. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, वीस वर्षं वयाची अट आडवी आली म्हणून. पोरीनं ती कधी बघितली नव्हती. तिला पिवळं छप्पर आवडलं. "मंजुरी शुक्रवारी," काका म्हणाले, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

गुरुवारी दुपारी स्टोअर बंद असताना काका झोपले होते. काकूंनी स्टूल लावलं, फाइल काढली, कात्री दिली आणि त्या टीव्ही बघत बसल्या. यात काकूंचा काही दीर्घकालीन हेतू होता का, ते मी विचारलेलं नाही.

काका उठून बाहेर आले तेव्हा टेबलावर पिवळं छप्पर वेगळं झालेलं होतं आणि पोरगी जिभेचं टोक बाहेर काढून दार कापत होती. काकांनी एक तुकडा उचलला, उलटा केला. पाठीवर बीटलचं बॉनेट होतं, अर्धं.

"फोक्सवॅगन गेली," काका म्हणाले.

"कुठे?" नात म्हणाली.

दोनशे एकतीस फेरारी, दोनशे बत्तीस काय, ते काकांना झोपेतही आठवतं. पण एक मोटार खरोखर कापली गेली तर काय करायचं याची तरतूद त्यांच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती. बीटल पुन्हा छापायला त्यांनी फाइल उघडली. ती निघाली पहिल्या पर्वातली: मजकूर जागेवर, चित्राच्या ठिकाणी चौकोन. काका बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिले. तोवर नातीनं अर्धी बाटली फेव्हिकॉल संपवला होता, पुढच्या काचेतल्या दोन भोकांतून बोट घालून आत ड्रायव्हर आहे का बघितलं होतं, आणि आता ती चाकं बसवत होती. चाकं बसेनात. बॉडीचं पान 'फिट' गेलं होतं, चाकांचं 'ॲक्चुअल'.

"आजोबा, ही जाडी झालीत."

काकांनी पट्टी आणली, मोजलं. "सहा टक्के. दीड मिलिमीटर जादा."

"मग?"

कारखान्यात भाग मापात बसला नाही पण चालण्यासारखा असला, तर त्यासाठी वेगळा कागद असतो: डेव्हिएशन नोट. शॉपचा माणूस मागतो, कुणी वरचा सही करतो. काकांनी आयुष्यभर अशा नोटा फाइल केल्या होत्या. सही कधी केली नव्हती. खिडकीमागच्या माणसाची ती पायरीच नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'चाके ६ टक्के मोठी. वापरास योग्य.' आणि खाली सही ठोकली. मग बाह्या दुमडून चाकांच्या वरची पट्टी नखानं दाबत बसले. त्यांना दाबता येत नव्हतं. नात त्यांना शिकवत होती. "असं नाही आजोबा, दहापर्यंत मोजायचं आणि मग सोडायचं."

टॅक्सी जरा एका बाजूला झुकलेली, छपराच्या आत बीटलचं अर्धं बॉनेट, कडांना फेव्हिकॉलचे ओघळ. पण चार चाकांवर उभी. सोसायटीतले आम्ही बरेच जण काही ना काही निमित्तानं पाचव्या मजल्यावर जाऊन आलो. काकांनी टॅक्सीला नंबर दिला नाही. म्हणजे दिला असता, पण ड्रॉइंगला नंबर देतात, वस्तूला सीरियल नंबर द्यावा लागतो आणि ती मालिका काकांकडे नव्हती. ती ०००१ पासून सुरू करावी लागली.

नात परत निघाली तेव्हा टॅक्सी तिच्या हातात होती. काकांनी तिला दारात थांबवलं. माल बाहेर जायचा तर गेट पास लागतो. तीन प्रती: पांढरी नेणाऱ्याला, गुलाबी गेटवर, पिवळी बुकात. माल परत येणार असेल तर 'रिटर्नेबल', नसेल तर 'नॉन-रिटर्नेबल'. काकांचं पेन तिथे बरंच रेंगाळलं. मग त्यांनी 'रिटर्नेबल' वर खूण केली आणि अपेक्षित तारखेच्या रकान्यात लिहिलं, दिवाळी.

खाली कॅब उभी. जावई घड्याळ बघतायत. गेटवरच्या वॉचमनमामांनी आजवर आमच्या सोसायटीत कुणालाही अडवलेलं नाही. परवा एकाचा फ्रीज गेला तेव्हा त्यांनी हात लावून मदत केली होती. पण त्यांच्या हातात गुलाबी कागद पडला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग टॅक्सीकडे बघितलं. मग परत कागदाकडे.

"काका, इथं चाकं चार लिहिलीत. गाडीला तीनच हायेत."

"शाब्बास!" काका म्हणाले, आणि जावयासकट सगळ्यांना चौथं चाक शोधायला जिन्यात पिटाळलं.